हेल्मेट शोध भाग ३: शिंप्याचा खडू

मागच्या वेळी मी छाती ठोकून लिहिलं होतं की गाडीत घालायचं नवीन हेल्मेट फायनल, आठवड्यात हातात येतंय. आलं, आणि परत पण गेलं. ते सांगतोच, पण आधी खडूचं ऐका, कारण सगळी अक्कल तिथनं आली.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. गाडी जुनी जिप्सी, सॉफ्ट टॉप, आत केज (गाडी उलटली तर वाचवणारा लोखंडी पाईपांचा पिंजरा) मारलेला, फोर पॉइंट बेल्ट. रविवारी कोरेगावकडं दोस्ताच्या रानात ओढ्यातनं चालवायची आणि वर्षातनं एकदा कोइम्बतूरला करी स्पीडवे या रेस ट्रॅकवर ट्रॅक डेला जायचं. (कासला का जात नाही असं दर वेळी कोणतरी विचारतंय. बाबांनो ती फुलं बघायची जागा आहे, टायर घालायची नाही.) आजवर दोन्हीकडं बाईकचंच आयएसआयवालं फुल फेस वापरत होतो. हेल्मेट ते हेल्मेट, काय फरक पडतोय, असंच वाटायचं.

तर डोक्याचं माप पाहिजे होतं आणि घरात टेप सापडेना म्हणून राजवाड्याजवळच्या आमच्या शिंपीकाकांकडं गेलो. ते म्हणले, "काय रं, टोपी शिवायचीय का लग्न ठरलं?" म्हणलं काका, हेल्मेट. त्यांनी भुवयांच्या बोटभर वरनं आणि मागं जिथं डोकं सगळ्यात जास्त बाहेर येतं तिथनं टेप फिरवली, तीनदा फिरवली, एकोणसाठ सेंटीमीटर. मग सवयीनं कानावरचा चपटा निळा खडू काढून माझ्याच बिलाच्या मागं ५९ लिहिलं. ते बघताना डोक्यात आलं की हा खडू मला पाहिजे. घेतला मागून.

रविवारी केजच्या पाईपांवर तो खडू चोळला, उजव्या खांबावर, डोक्यावरच्या आडव्या पाईपवर, सगळीकडं. हेल्मेट तेच बाईकचं, काळं मॅट. बेल्ट आवळून बांधला आणि फोर लो (चारही चाकं, सगळ्यात हळू गिअर) टाकून वीस मिनिटं ओढ्यात हिंडलो, स्पीड पंधराच्या वर गेलाच नाही. खाली उतरून हेल्मेट काढलं आणि बघतच बसलो. अकरा निळे डाग. त्यातले नऊ उजव्या कानाच्या वर, तळहाताएवढ्या एकाच जागेत, एकमेकांवर चढलेले. मला चालवताना दोन-तीन टकरा जाणवल्या होत्या फक्त.

म्हणजे बाईकवरनं पडलं की डोकं एकदा रस्त्याला आपटतं, घसरतं, संपलं. गाडीत डोकं कुठं जातच नाही, ते त्याच पाईपला त्याच जागी परत परत बसतं, आणि गाडी लोळली तर विचारूच नका. हेल्मेटच्या आतला थर्माकोल (ईपीएस म्हणतात तो) एकदा चेपला की चेपला, परत फुगत नाही, दुसऱ्या दणक्याला तिथं कमी माल उरतो. स्नेल म्हणून हेल्मेट तपासणारी अमेरिकन संस्था आहे, त्यांचं एसए म्हणजे गाडीच्या रेसिंगचं रेटिंग आहे ना, त्यात रोल बारच्या (म्हणजे केजच्या पाईपच्या) आकाराच्या लोखंडावर आपटायची वेगळी टेस्ट असते आणि आगीची पण असते, प्रोपेनची ज्योत लावून बघतात. त्यांच्याच एम म्हणजे मोटरसायकल रेटिंगला या दोन्ही नाहीत. आपल्या आयएस ४१५१ ला (आयएसआयचं हेल्मेटचं मानक) पण नाहीत, कारण ते बाईकसाठीच आहे, त्यात त्याचा दोष नाही. उलटं पण लक्षात ठेवा, एसएवालं घालून बाईकवर पोवई नाक्यावरनं निघालात तर आयएसआय नाही म्हणून पावती फाटेल.

आता परत गेलेल्याचं. एका ऑनलाइन विक्रेत्याकडनं मागवलं होतं, मागं कवटीवर (हेल्मेटच्या बाहेरच्या कवचावर) झकास "स्नेल" स्टिकर. मी विचारलं होतं एसए आहे का, तर "दादा स्नेल म्हंजे स्नेल, सगळं सेमच." खरं लेबल आत असतं, बहुतेक वेळा कापडी अस्तराच्या खाली, त्याच्यावर एसए२०२० किंवा एसए२०२५ असं छापलेलं आणि नंबर असतो. मी अस्तर उचकटलं तर आत नुसता थर्माकोल. पैसे मिळाले परत, पण तीन आठवडे आणि बारा फोन गेले. अजून एक, स्वस्तात जुन्या वर्षाचं मिळतंय म्हणून एसए२०१५ उचलू नका. दर पाच वर्षांनी नवं रेटिंग येतं आणि बरेच आयोजक चालू आणि त्याच्या आधीचं एवढंच धरतात, शिवाय स्नेलवाले स्वतःच पाच वर्षांनी हेल्मेट बदला म्हणतात.

शेवटी पुण्याच्या एका दोस्तानं स्वतःचं न वापरलेलं एसए२०२० दिलं, लेबल बघून घेतलं. फायबरची कवटी, फुल फेस, हॅन्सच्या (धडकेत मान पुढं झटकू नये म्हणून खांद्यावर बसतो तो सांगाडा) क्लिपा बसवायला बाजूला एम६ बोल्टची भोकं आधीच आहेत. ओपन फेसचा विचार सोडला, उघड्या जिप्सीत मार्चची धूळ खाऊन कंटाळलोय. मोटोक्रॉसचं चोचवालं तर बिलकुल नको, चोच आधी पाईपला अडकते आणि मान वळते. हॅन्स आत्ता घेत नाहीये. साध्या थ्री पॉइंट बेल्टवर तो चालत नाही, फोर पॉइंट आहे माझ्याकडं पण खांद्याचे पट्टे मागं फार खाली बांधलेत, ते आधी नीट करायचेत. २००१ ला अमेरिकेत डेटोनाच्या रेसमध्ये ड्रायव्हर डेल अर्नहार्ट वारला तेव्हापासनं लोक हे सीरियसली घ्यायला लागले, एफ१ मध्ये २००३ ला सक्तीचं झालं.

वजन बघायला वाण्याच्या काट्यावर ठेवलं, एक किलो पाचशे वीस. वाणी म्हणतो कितीला किलो.

फिटिंगचं मात्र सोप्पं नाही. ५९ म्हणजे एल, बरोबर बसलं, गाल दाबले गेले पाहिजेत तसे गेले, हनुवटीचा पट्टा बांधून मागनं वर ढकललं तर निघत नाही. मग ते घालून अर्धा तास घरात टीव्ही बघत बसलो (आई काही बोलली नाही, सवय झालीय) आणि पंचविसाव्या मिनिटाला कपाळावर बरोबर मधोमध ठणका सुरू. काढलं तर लाल गोल डाग. माझं डोकं पुढनं मागं लांबट आहे आणि हे हेल्मेट गोल डोक्याचं. दुकानात दोन मिनिटं घालून हे कळत नाही. वर चष्म्याच्या काड्या. कपाळाचं अस्तर पातळ मिळतंय का विचारलंय, थर्माकोल खरवडून जागा करा असा सल्ला दोघांनी दिला, तो मी ऐकणार नाही आणि तुम्ही पण ऐकू नका.

परवा परत खडू. या वेळी कानावर चारच डाग, पण टाळूवर सहा नवे! कवटी बाईकवाल्यापेक्षा जाड, त्यामुळं वरचा पाईप जवळ आला. पाईपवर मी एसीच्या पाईपचा मऊ काळा फोम गुंडाळला होता, तो अंगठ्यानं दाबला की थेट लोखंड लागतं, म्हणजे असून नसल्यासारखा. एसएफआय ४५.१ (केजच्या पाईपांच्या पॅडिंगचं अमेरिकन मानक) चं कडक पॅडिंग मागवलंय. आणि सीट इंचभर खाली घ्यायचीय, त्यासाठी ब्रॅकेट कापायला एमआयडीसीतल्या मिस्त्रीकडं गाडी लावली सोमवारी.

मिस्त्री म्हणतोय अमावस्या होऊ दे, मग हात लावतो.