कवळीच्या प्रत्येक खेपेची मांडणी

संपूर्ण कवळी एका बैठकीत होत नाही. तपासणी आणि पहिले माप (म्हणजे जबड्याचा ठसा), नंतर बारकाव्याचे दुसरे माप, जबड्यांच्या संबंधाची नोंद, मेणावर लावलेल्या दातांची चाचणी आणि शेवटी तयार कवळी तोंडात बसवणे, अशा साधारण पाच खेपा रुग्णाला कराव्या लागतात; कवळी टोचते म्हणून नंतर एक-दोनदा यावे लागते ते वेगळेच. सांगलीत विश्रामबाग भागातील एका दंत दवाखान्यात मी सहाय्यक म्हणून काम करते. आमच्याकडे कवळीसाठी येणारे पुष्कळ आजी-आजोबा जत, आटपाडी, कवठे महांकाळ या बाजूने एसटीने येतात, आणि सोबत आलेल्या मुलाचा किंवा सुनेचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो. अशा माणसाला खुर्चीवर बसवल्यावर "आज अमुक साहित्य संपले आहे, पुढच्या आठवड्यात या" असे सांगणे मला अन्यायाचे वाटते. म्हणून कवळीच्या खेपेची मांडणी आदल्या संध्याकाळीच, रुग्णाचा कागद समोर ठेवून करायची, ही पद्धत मी कसोशीने पाळते. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या मुलींना उपयोग व्हावा म्हणून ती येथे सविस्तर लिहीत आहे.

आरसा, प्रोब, चिमटा, मेणाची सुरी, कोरणी, मापाचे साहित्य तोंडात धरण्याचे धातूचे ट्रे ही उष्णता सोसणारी साधने घासून, धुऊन, कोरडी करून पाकिटात बंद केली जातात आणि ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) १२१ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे ठेवली जातात. पाकिटावरील पट्टीचा रंग बदलला म्हणजे पाकिटाला उष्णता लागली एवढेच कळते. आतील साधनावर वाळलेले मेण किंवा प्लॅस्टर राहिले असेल तर त्याखालचा भाग निर्जंतुक झाला असे मानता येत नाही. कवळीच्या कामात हा धोका जास्त असतो, कारण मेण, प्लॅस्टर आणि पेस्ट हे तीनही पदार्थ साधनाला घट्ट धरून बसतात. त्यामुळे घासणे हे काम मी कधीही घाईत उरकत नाही आणि दुसऱ्यालाही उरकू देत नाही. दातांच्या रंगाची पट्टी ऑटोक्लेव्हमध्ये टाकता येत नाही, ती प्रत्येक रुग्णानंतर जंतुनाशकाने पुसून ठेवावी लागते.

पहिल्या खेपेला मांडणी कोणती करायची हे तोंडात दात शिल्लक आहेत की नाहीत यावर ठरते. सगळे दात गेलेले असतील तर उथळ, गोलसर तळाचे, छिद्रे नसलेले ट्रे आणि इम्प्रेशन कंपाउंड, म्हणजे गरम पाण्यात मऊ होणारे मापाचे साहित्य, लागते. काही दात शिल्लक असून अर्धी कवळी करायची असेल तर खोल, छिद्रांचे ट्रे आणि अल्जिनेट, म्हणजे पाण्यात कालवायची मापाची भुकटी, लागते. छिद्रांतून बाहेर आलेले अल्जिनेट ट्रेला पकडून राहते, म्हणून माप तोंडातून काढताना ते ट्रेपासून सुटत नाही. ट्रेचा एकच आकार काढून ठेवणे पुरेसे नसते. अंदाजाचा एक, त्याहून मोठा एक आणि लहान एक, असे वरच्या व खालच्या जबड्यासाठी मिळून सहा ट्रे जवळ असावेत.

कंपाउंडसाठी गरम पाण्याचे भांडे साधारण ५५ ते ६० अंशांवर ठेवतो. भांड्याच्या तळाशी मलमलचा तुकडा अंथरला नाही तर मऊ झालेले कंपाउंड तळाला चिकटते आणि अर्धे तिथेच राहते. पाणी याहून जास्त गरम झाले किंवा कंपाउंड फार वेळ पाण्यात राहिले तर ते चिकट आणि निकामी होते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वृद्ध माणसाच्या पातळ हिरडीला चटका बसू शकतो. म्हणून तोंडात जाण्याआधी ट्रे क्षणभर कोमट पाण्यात बुडवून काढायचा असतो. त्या कोमट पाण्याचे दुसरे भांडे मांडणीत नसेल तर डॉक्टरांचा हात हवेत थांबतो आणि तेवढ्यात कंपाउंड कडक होऊ लागते.

अल्जिनेटचा सगळा खेळ वेळेचा आणि पाण्याचा आहे. नेहमीचे अल्जिनेट कालवायला घेतल्यापासून साधारण २ ते साडेचार मिनिटांत घट्ट होते, आणि ही वेळ धरलेली असते ती सुमारे २० ते २३ अंशांच्या पाण्यासाठी. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारे पाणी हाताला चांगले गरम लागते. त्या पाण्यात कालवलेले अल्जिनेट ट्रेमध्ये भरेपर्यंतच खरबरीत होऊ लागते, आणि मग कालवणाऱ्याचा दोष नसतानाही माप बिघडते. यासाठी उन्हाळ्यात मी फ्रिजमधल्या पाण्याची बाटली आणि साधे पाणी एकत्र करून, तापमापीने पाहून, मोजपात्रात भरून ठेवते. घट्ट व्हायला लागेल या भीतीने पाणी जास्त घालणे हा त्यावरचा उपाय नव्हे. त्याने माप कमकुवत होते आणि काढताना फाटते. वेळ वाढवायची असेल तर पाणी गार करावे, प्रमाण बदलू नये.

अल्जिनेटचा डबा उघडण्याआधी तो दोन-तीनदा उलटासुलटा करून भुकटी मोकळी करावी लागते, कारण दाबून बसलेल्या भुकटीचा चमचा आणि मोकळ्या भुकटीचा चमचा यांचे वजन सारखे नसते. उलटासुलटा केल्यावर झाकण लगेच उघडू नये आणि उघडताना मुखपट्टी असावी. त्यातली बारीक धूळ नाकात जाणे बरे नाही. पावसाळ्यात झाकण सैल राहिले की भुकटी ओल धरते आणि महिन्याच्या आत डबा वाया जातो. वाटीत आधी मोजलेले पाणी, मग भुकटी, आणि चमच्याच्या चपट्या बाजूने वाटीच्या भिंतीवर दाबून पाऊण ते एक मिनिट कालवणे, एवढे झाले की मिश्रण मलईसारखे मऊ आणि गुठळ्यांशिवाय होते.

माप घेण्याआधी रुग्णाला खळखळून चूळ भरायला लावणे हीसुद्धा तयारीच आहे. आपल्याकडच्या अनेक आजींना मशेरीची सवय असते. तिचे बारीक कण आणि दाट लाळ टाळूला धरून बसतात आणि मापात खड्डे होऊन उमटतात. म्हणून पाण्याचा पेला, गॉजचे तुकडे आणि लाळ ओढण्याची नळी मी सर्वांत आधी ठेवते. ज्यांना ओकारीची भावना लवकर येते त्यांना खुर्चीवर सरळ बसवून, मान किंचित पुढे करून, "आजोबा, नाकाने श्वास घ्या, पायाचा अंगठा हलवत राहा" असे शांतपणे बोलत राहिले की बहुतेकांचे माप नीट होते.

माप तोंडातून बाहेर आल्यावरची मांडणी पुष्कळ ठिकाणी विसरली जाते. वाहत्या पाण्याखाली लाळ आणि रक्त धुणे, सोडियम हायपोक्लोराइटचा फवारा मारून माप बंद पिशवीत १० मिनिटे ठेवणे, पुन्हा धुणे आणि लगेच साचा ओतणे, हा क्रम असतो. अल्जिनेट उघड्यावर राहिले तर त्यातले पाणी उडून ते आक्रसते, आणि पाण्यात बुडवून ठेवले तर पाणी शोषून फुगते. दोन्ही प्रकारांत कवळी सैल किंवा घट्ट होणार हे ठरून जाते. लॅब जवळ असली तरी माप तसेच पाठवणे मला पटत नाही. १०० ग्रॅम डेंटल स्टोनला साधारण ३० मिलिलिटर पाणी आणि साध्या डेंटल प्लॅस्टरला सुमारे ५० मिलिलिटर, हे मोजून ठेवलेले असले की साचा दवाखान्यातच ओतून होतो.

दुसऱ्या खेपेला पहिल्या साच्यावर बनवलेला त्या रुग्णाचा स्वतःचा ट्रे हाती असतो. तो आदल्या दिवशी उघडून कडांवरून बोट फिरवावे; ॲक्रिलिकचा धारदार कोपरा राहिला असेल तर तो तेव्हाच घासून घेता येतो. कडा घडवण्यासाठी ग्रीनस्टिक कंपाउंड, स्पिरिटचा दिवा, काडेपेटी, कोमट पाणी आणि धारदार सुरी लागते. एका रुग्णाच्या तोंडात गेलेली ग्रीनस्टिकची उरलेली कांडी दुसऱ्यासाठी ठेवायची नाही, त्यामुळे कांडीचे लहान तुकडे आधीच करून घेतले की नासाडीही होत नाही.

त्यानंतरचे अंतिम माप बऱ्याचदा झिंक ऑक्साइड युजेनॉल पेस्टने घेतले जाते. दोन नळ्यांतून दोन रंगांच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या कागदी पॅडवर काढायच्या आणि रंगाची एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत, म्हणजे साधारण मिनिटभर, पसरट सुरीने घोटायच्या. ही पेस्ट कोरड्या त्वचेला चिकटते, म्हणून रुग्णाच्या ओठांना आणि ओठांभोवती व्हॅसलिन लावल्याशिवाय मी नळीचे टोपण उघडत नाही. पांढऱ्या मिश्या असलेल्या आजोबांच्या बाबतीत तर ते अधिकच काळजीने करावे लागते. उष्णता आणि दमटपणा या दोन्हींमुळे ही पेस्ट लवकर घट्ट होते, त्यामुळे जुलै-ऑगस्टच्या दिवसांत मी गार केलेली काचेची फरशी वापरते, मात्र तिच्यावर ओल धरलेली नाही हे पुसून पाहते. मधुमेहामुळे किंवा औषधांमुळे तोंड कोरडे पडणाऱ्यांना युजेनॉल झोंबते. अशांची नोंद पहिल्याच दिवशी कागदावर केलेली असली की डॉक्टरांसाठी सिलिकॉनचे साहित्य काढून ठेवता येते.

तिसऱ्या खेपेला मेणाचे कठडे (दातांच्या जागी तात्पुरते बसवलेले), तापवण्याची पट्टी, मॉडेलिंग मेणाचे तक्ते, मेणाची सुरी, फॉक्स प्लेन (कठड्याची पातळी पाहण्याची पट्टी), मोजपट्टी, दुभाजक आणि आर्टिक्युलेटर (दोन्ही जबड्यांचे साचे तोंडासारखे एकमेकांवर बसवण्याचे साधन) लागतात. जबडा आरामात असतानाची चेहऱ्याची उंची आणि कठडे एकमेकांवर टेकले असतानाची उंची यांत साधारण २ ते ४ मिलिमीटरचा फरक राहावा लागतो. तो नाक आणि हनुवटीवरच्या दोन ठिपक्यांमधून मोजतात, म्हणून ठिपके लावण्याची पेन्सिल आणि नंतर ते पुसण्याचा कापूस दोन्ही हवेत. दातांचा रंग याच दिवशी निवडला जातो. तो खिडकीच्या उजेडात निवडावा, खुर्चीच्या दिव्याखाली नव्हे, आणि पट्टीवरचा दात पाण्याने ओला करून ओठाशी धरावा. मी आदल्या दिवशी फोन करून घरच्यांना आजींचा दात असतानाचा जुना फोटो शोधून आणायला सांगते. लग्नातला असो वा नातवाच्या बारशातला, हसताना दात किती दिसत होते आणि समोरचे दोन दात केवढे होते हे त्यातून जितके कळते तितके कोणत्याही कोष्टकातून कळत नाही.

चौथ्या खेपेत मेणावर लावलेले दात तोंडात पाहायचे असतात. लॅबमधून आलेला डबा उन्हाळ्यात दुचाकीच्या डिकीत राहिला तर मेण मऊ होऊन दात सरकतात. डबा आल्याबरोबर उघडून दात आर्टिक्युलेटरवर पूर्वीसारखे मिळतात की नाही हे पाहणे मी रुग्ण येईपर्यंत लांबवत नाही. तोंडात मेण मऊ होऊ नये म्हणून गार पाण्याची वाटी जवळ ठेवून चाचणीची कवळी मधून मधून त्यात बुडवावी लागते. आरसा मोठा असावा, भिंतीवरचा. हातातल्या छोट्या आरशात माणूस फक्त दात पाहतो. चार पावले दूर उभे राहिल्यावर तो स्वतःचा चेहरा पाहतो. रुग्णाला साठपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणायला लावले की 'स' आणि 'ष्ट' नीट निघतात की नाही ते लगेच कळते. घरचे माणूस याच वेळी आत हवे, कारण मेणात एक दात फिरवणे दोन मिनिटांचे काम असते आणि कवळी शिजल्यानंतर तेच काम जवळपास नव्याने करावे लागते. पसंतीची सही घेतल्याशिवाय डबा लॅबला परत जात नाही.

मेणाच्या जागी ॲक्रिलिक भरून ते शिजवण्यात लॅबचे तास जातात; एका प्रचलित पद्धतीत ७४ अंशांच्या पाण्यात सुमारे ९ तास. १९३७ च्या सुमारास ॲक्रिलिक कवळ्यांसाठी वापरात आले, त्याआधी कवळ्या कडक केलेल्या रबराच्या असत. तयार कवळी पाण्यातच ठेवून पाठवावी आणि पाण्यातच स्वीकारावी, यावर मी लॅबशी वाद घालायलाही तयार असते. कोरडी राहिली तर तिच्या आकारात फरक पडतो.

बसवण्याच्या दिवशी दाब दाखवणारी पेस्ट, चावा तपासण्याचा रंगीत कागद आणि त्याचा चिमटा, सरळ हँडपीससह मायक्रोमोटर, ॲक्रिलिक घासण्याचे बर (मोटरला लावायची छोटी टोके), प्युमिस (घासून गुळगुळीत करण्याची भुकटी) आणि पॉलिशचे चाक ही मांडणी असते. मायक्रोमोटर सकाळीच चालवून पाहावा आणि इन्व्हर्टर भरलेला आहे याची खात्री करावी. रुग्णाच्या हाती देण्यासाठी झाकणाची डबी आणि मऊ ब्रश काढून ठेवते. कवळी रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची, उकळत्या पाण्यात घालायची नाही, आणि धुताना खाली पाणी भरलेली बादली ठेवायची म्हणजे हातातून सुटली तरी फुटत नाही, हे मी मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या कागदावरून स्वतः वाचून दाखवते.

दुसऱ्या दिवशीच्या भेटीसाठी साहित्य थोडे लागते: कॉपीइंग पेन्सिल (ओल्या जागी रंग सोडणारी), दाबाची पेस्ट, एक लहान बर. हिरडीवरच्या लाल जागेवर पेन्सिलने खूण केली की ती कवळीच्या आतल्या बाजूला उमटते आणि नेमके तेवढेच घासता येते. यासाठी रुग्णाने येण्यापूर्वी काही तास कवळी वापरलेली असावी लागते, नाहीतर टोचणारी जागा सापडतच नाही. दुखते म्हणून पुष्कळ जण ती काढून रुमालात गुंडाळून आणतात, त्यामुळे निघतानाच मी सुनेला बाजूला घेऊन सांगते, "ताई, उद्या सकाळी एसटीत बसताना आजींच्या तोंडात कवळी असू द्या, काढून पिशवीत ठेवू नका."