सेल्फ अडकला, पण दोष बेंडिक्सचा नव्हता

घटस्थापनेला आमच्या जुन्या ट्रकचा सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, खोलून गॅरेजमध्ये दिला. दसऱ्याच्या आत देतो म्हणाले होते, हातात आला कोजागिरीला. चौदा दिवस. आणि त्याच संध्याकाळी तो पुन्हा अडकला. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसलोय.

ट्रक आजोबांचा आहे. 1951 चा फोर्ड एफ-6, पेट्रोलवरचा आठ सिलिंडरचा व्ही-8, 3.9 लिटरचा. निमाडातून कापसाच्या गाठी इंदूरच्या मिलांना आणायचं काम त्यानं वर्षानुवर्षं केलं. आता तो इंदूरजवळच्या राऊच्या शेडमध्ये असतो. दसऱ्याला आम्ही सगळे तिथे जमतो, हार घालतो आणि इंजिन सुरू करून एक फेरी मारतो. यंदा हार घातला, पण इंजिन गप्प. आई म्हणाली, "अरे, आज तरी व्हायला हवा होता." सेल्फ तेव्हा गॅरेजच्या फळीवर पडलेला होता.

लक्षण असं होतं: बटण दाबलं की एकच 'टक्', आणि हेडलाइट जवळजवळ विझायचे. ज्यांच्या गाडीत असं होतं त्यांनी आधी लाइट लावून बघावेत. 'टक्' होऊन लाइट एकदम मंद झाले तर सेल्फला करंट जातोय पण तो फिरू शकत नाही, म्हणजे बहुधा त्याचे दात इंजिनच्या दातांत अडकलेत (बॅटरी अगदीच उतरली असेल तरी असंच दिसतं, ती आधी तपासा). लाइट तसेच लख्ख राहिले तर करंटच पोचत नाही, सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) आणि जोड बघा. आणि सेल्फ नुसताच घर्रर्र फिरतोय, इंजिन ढिम्म, तर बेंडिक्स (सेल्फचा छोटा गियर इंजिनात नेऊन अडकवणारा भाग) पुढे सरकत नाही: आटे घाण झालेत किंवा स्प्रिंग तुटलीय.

या जुन्या बेंडिक्सला पुढे ढकलणारा कुणी नसतो. सेल्फ झटक्यात फिरतो, शाफ्टवरचा छोटा गियर जडत्वामुळे मागे रेंगाळतो, तिरक्या आट्यांवरून सरकत जातो आणि फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या जड चाकाच्या) दातेरी रिंगमध्ये शिरतो. इंजिन लागलं की रिंगच त्याला परत फेकते. सगळा खेळ त्या झटक्यावर आहे. ही गोष्ट मला आधी कळली असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

पहिल्यांदा अडकला तेव्हा मीच सोडवला. इग्निशन बंद, बॅटरीची एक तार काढलेली, गाडी सपाटीवर, टॉप गियरमध्ये. मग दोघांनी मिळून ट्रक मागे ढकलायचा, थोडा पुढे, पुन्हा मागे. आतून 'खट्' असा आवाज आला की सुटला. बॅटरीची तार काढल्याशिवाय हे करू नका आणि चाकांच्या मागे-पुढे, हातभर अंतरावर, लाकडं ठेवा. आठवड्यानं पुन्हा तेच. मग गॅरेज.

गॅरेज छोटी ग्वालटोलीच्या बाजूला, नाव लिहीत नाही. तिथल्या मुलानं सेल्फ बघितला आणि निकाल दिला: "बाऊजी, बेंडिक्स गया." मी विचारलं, कशावरून? "पुरानी गाड़ी है ना." रोज संध्याकाळी ऑफिसातून निघालो की तिकडे जायचो. कधी माल मुंबईहून येतोय, कधी खरादवाला सुट्टीवर, एकदा तर सेल्फ कुठे ठेवलाय हेच कुणाला आठवेना. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, जसा आहे तसा द्या. म्हणाले, खोललाय, आता कसा देणार? शेवटी नवा बेंडिक्स, नवे कार्बन, नवी बुश असं बिल देऊन हातात ठेवला. मी पैसे मोजले. कोजागिरीच्या रात्री घरी दूध आटत होतं आणि मी राऊला टॉर्चच्या उजेडात ट्रकखाली पडलो होतो. बसवला. पहिल्या दोन वेळा इंजिन फिरलं, तिसऱ्यांदा 'टक्'.

एक सांगायचं राहिलं. या इंजिनाचा सेल्फ काढताना जे दोन लांब बोल्ट सोडतो, तेच सेल्फची दोन्ही टोपणंही धरून असतात. बोल्ट पूर्ण बाहेर आले की सेल्फ हातात सुटा होतो आणि कार्बन निसटतात. काढतानाच दोन्ही टोपणं सुतळीनं घट्ट बांधून घ्या. बसवताना दोन्ही बोल्ट आलटूनपालटून थोडे थोडे आवळा. एकच बाजू आधी ओढली तर शाफ्ट तिरका बसतो आणि दात तिरके भिडतात.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या मित्राकडे गेलो, लोकमान्य नगरला. काकांनी आयुष्यभर आर्मेचर (मोटरचा आत फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग) गुंडाळले, आता अठ्ठ्याहत्तरीत आहेत. मी बेंडिक्सबद्दल बोलायला लागलो तर त्यांनी थांबवलं.

"बॅटरी किती व्होल्टची?"

"सहा."

"आणि केबल?"

केबल नवी होती. जुलैत बॅटरी बदलली तेव्हा त्याच गॅरेजनं जुनी केबल "सड़ गई" म्हणून काढली आणि नवी घातली. मी लक्ष दिलं नव्हतं.

"मीटर घेऊन ये," काका म्हणाले.

मीटरची एक पिन बॅटरीच्या खांबावर, केबलच्या टोकावर नव्हे, खुद्द खांबावर. दुसरी सेल्फच्या स्टडवर, जिथे केबल जोडतात तिथे. अडकलेला सेल्फ आधी ट्रक ढकलून सोडवून घेतला होता. मी बटण दाबलं, काकांनी आकडा वाचला: 1.4 व्होल्ट. सहातले जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच खर्च! पाव व्होल्टच्या वर गेलं की केबलवर संशय घ्यायचा, असं ते म्हणाले. तितक्याच ताकदीसाठी सहा व्होल्टला बारापेक्षा दुप्पट करंट लागतो, म्हणून तार खूप जाड हवी. आमच्या ट्रकला आताच्या छोट्या कारची बारीक केबल लावली होती. सेल्फ सुस्त फिरायचा, गियरला झटका मिळायचा नाही, तो रिंगच्या दाताच्या टोकावर अर्धवट चढायचा आणि तिथेच रुतायचा. नवा बेंडिक्सही तेच करणार होता.

वर गॅरेजवाल्यांनी बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला जोडला होता. या फोर्डला पॉझिटिव्ह बॉडीला असतो. सेल्फ दोन्ही प्रकारे त्याच दिशेला फिरतो म्हणून कुणाला कळलं नाही, पण डायनॅमोच्या चार्जिंगचा घोळ होतो. मला हे कळलं तेव्हा खरोखर वाईट वाटलं. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

सियागंजातून वेल्डिंगची जाड तांब्याची केबल आणली, टोकांना पितळी लग डाग देऊन बसवले, बॉडीची जागा घासून चकचकीत केली. अर्थची केबलही तितकीच जाड घेतली. लोक एकच बदलतात आणि पुन्हा फसतात.

पण दोन महिन्यांच्या ठोक्यांनी रिंगचे दात खराब झालेच होते. आठ सिलिंडरचं इंजिन बंद होताना एका फेऱ्यातल्या चार ठरावीक जागांपैकी कुठेतरी थांबतं, म्हणून झीजही त्या चार जागीच. सेल्फ काढून त्या भोकातून, आठही प्लग काढून हँडलनं इंजिन दात-दात पुढे नेत, मी कानशीनं फक्त वर आलेले काठ साफ केले. दोन रविवार गेले. लोखंडाचा चुरा चुंबकानं उचलला. बेंडिक्सचे आटे रॉकेलनं धुऊन कोरडे ठेवले. ग्रीस अजिबात नाही, क्लचची धूळ त्यावर चिकटते. झीज फार असती तर रिंग तापवून काढून 45 अंश फिरवून बसवता आली असती, काकांनी तेही सांगून ठेवलंय.

पुन्हा मोजलं: 0.2 व्होल्ट.

हँडल मारणाऱ्यांसाठी: अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, दांड्याला विळखा घालू नका. इंजिन उलटं मारलं तर अंगठा जातो. आणि इग्निशन चालू असताना प्लग काढलेले असले तरी हात लावू नका.

दिवाळी पाडव्याच्या सकाळी आईनं ट्रकला ओवाळलं, काका खुर्चीवर बसले होते. बटण दाबलं, दोन फेऱ्यांत लागला. काका उठून बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, आईचे डोळे भरले होते. आम्ही राऊच्या रस्त्यावर चार किलोमीटर जाऊन आलो. आल्यावर बंद केला, पुन्हा सुरू केला, असं सहा वेळा. एकदाही अडकला नाही.

गॅरेजमध्ये जाऊन मी जुनी केबल मागितली. जाड, कापडी वेष्टणाची, आजोबांच्या वेळची. ती भंगारात गेली होती.