सहा मीटरची रेषा

जानेवारी हा आमच्याकडे खेळाचा महिना नाही. कापसाची शेवटची वेचणी चाललेली असते, तूर सवंगायला आलेली असते, हरभऱ्याला लाइन येईल तेव्हा पाणी द्यायचं असतं. शाळेच्या हजेरीपटावर मुलींची नावं असतात आणि मुली झोळी बांधून वावरात असतात.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या हायस्कूलमध्ये मी अकरा वर्षांपासून खेळ शिकवते. बी.पी.एड. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात झालं. गाव मला ‘खेयाच्या मॅडम’ म्हणतं. हँडबॉल मी निवडला, कारण एक चेंडू असला की चौदा मुलं खेळतात. काळ्या मातीवर मुरूम टाकून मैदान केलं, जुन्या पाइपांचे दोन गोल वेल्डिंग करून घेतले. कापसाच्या गाडीवर आवळतात ती जाळी गोलांना लावली. मुलांचा संघ तयार झाला, मुलींचा मात्र होईना. सात लागतात, बदली खेळाडू वेगळे, आणि माझ्याकडे नेमानं येणाऱ्या पाचच.

त्या पाचांतली एक नववीत आहे. नाव लिहीत नाही, कारण तिला विचारलेलं नाही. ती गोलात उभी राहते, आणि मुलींचा संघच नसल्यामुळे गेली दोन वर्षं रोज मुलांचेच फटके अडवते.

२५ जानेवारीला संध्याकाळी आम्ही उद्याच्या सामन्यासाठी फक्की मारत होतो. ध्वजवंदनानंतर शेजारच्या गावच्या शाळेशी मैत्रीपूर्ण सामना ठरला होता. ती मोबाइल घेऊन आली. तिचा चुलतभाऊ फौजेत आहे, लेहकडे. त्यानं गोठलेल्या तळ्यावर हॉकी खेळणाऱ्या लडाखी मुलींचा व्हिडिओ पाठवला होता.

“मॅडम, ह्या पोरी बरफावर खेयतात. मंग ते मोठी लीग हाय ना, पैशेवाली, त्याच्यात पोरी पोरायसंग खेयतात का?”

मी म्हटलं, उद्या सांगते. आइस हॉकीबद्दल मला वरवरचं माहीत होतं. एवढ्या मनापासून विचारलेल्या प्रश्नाला अर्धवट उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून रात्री बारापर्यंत वाचत बसले.

सकाळी पाहुण्या संघाचे सर आले, मैदानावर नजर फिरवली आणि आमच्या गोलाकडे पाहून थांबले. “मॅडम, मुलगी उभी करणार? आमच्यात दोघं अकरावीचे आहेत. लागलं तर उत्तर कोण देणार?” माणूस वाईट नव्हता. त्यांच्या आवाजात काळजी होती, आणि तीच काळजी रात्रभर मलाही होती. त्यांचं दुसरं म्हणणं असं की मुलं तिच्यासमोर हात राखून मारतील, मग सामन्यात अर्थ उरणार नाही. ती मागे उभी राहून ऐकत होती. म्हणाली, “सर, त्यायले सांगा, हात राखू नोका.”

मी तिला उभं केलं. अधिकृत शालेय स्पर्धेत ते शक्य नाही, तिथं मुलामुलींचे संघ वेगळे. हा आमच्या दोन गावांचा सामना होता.

पहिल्या वीस मिनिटांत तिचं खेळणं पाहण्यासारखं होतं. बाजूनं येणाऱ्यावर ती दोन पावलं पुढे यायची आणि त्याला गोलच दिसेनासा करायची. कोपऱ्यातून आलेले चार फटके तिनं पायांनी अडवले. पण अकरावीतला एक डावखुरा उंच मुलगा नऊ मीटरवरून उडी मारून मारायचा, तेव्हा निराळं चित्र व्हायचं. एकदा तर चेंडू जाळीत जाऊन पडला आणि त्यानंतर तिचा हात खाली आला. तो येणार कुठं हे तिनं बरोबर ओळखलं होतं, पण हात पोचायला उशीर झाला. मध्यंतराला आठ-नऊ, एका गोलानं मागे.

कडुलिंबाखाली पाणी पीत बसले असताना तिनंच आठवण दिली, “मॅडम, सांगनार होते तुमी.”

मी मॅनन रेओमपासून सुरुवात केली. कॅनडातल्या क्वेबेकची वीस वर्षांची गोलकीपर. २३ सप्टेंबर १९९२ रोजी ती टँपा बे लाइटनिंग या संघाकडून उभी राहिली. उत्तर अमेरिकेतली नॅशनल हॉकी लीग म्हणजे या खेळाचं सर्वांत वरचं टोक, आणि तिथं पुरुषांच्या संघातून मैदानात उतरलेली ती पहिली बाई. हंगामापूर्वीचा सरावाचा सामना होता. ती एक सत्र खेळली, नऊ फटके आले, सात अडवले, दोन गेले. संघ त्याच वर्षी नवा निघाला होता आणि प्रमुख फिल एस्पोझिटो यांनी प्रसिद्धीचा हेतू लपवलाही नाही. हेही मी मुलांना सांगितलं. हेतू काहीही असो, ते नऊ फटके मात्र खरेच होते. आइस हॉकीची चकती कडक रबराची, जवळपास १७० ग्रॅमची, आणि तिथले जोरकस फटके ताशी दीडशे किलोमीटरच्या वर जातात.

“मंग पुढं?” आमच्या एका पोट्ट्यानं विचारलं.

पुढं त्या लीगच्या खऱ्या, गुणांच्या सामन्यात आजवर एकही बाई खेळलेली नाही. खालच्या दर्जाच्या पुरुष लीगमध्ये खेळल्या आहेत. कॅनडाची हेली विकेनहायझर २००३ मध्ये फिनलंडच्या एका पुरुष संघात गेली आणि तिनं गोलही केला. पुरुषांच्या व्यावसायिक हॉकीत गोल मारणारी ती पहिली स्त्री. शॅनन साबाडोस अमेरिकेतल्या खालच्या लीगमध्ये गोलात उभी राहायची. २०१५ मध्ये एका सामन्यात तिनं समोरच्या संघाला एकही गोल करू दिला नाही.

ती लगेच म्हणाली, “तिघीतल्या दोघी गोलातल्याच हायेत.”

मुलांना शिकवण्याच्या ओघात जे माझ्याही लक्षात नीट आलं नव्हतं, ते तिनं पकडलं. आइस हॉकीत अंगानं धडक देऊन समोरच्याला फळीवर आदळणं पुरुषांच्या खेळात नियमात बसतं. बायकांच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत, १९९० साली ओटावाला, तेही चालत होतं. नंतर बंद केलं. गोलकीपरला मात्र धडक देता येत नाही. तिथं कोन ओळखणं, नजर, पायांची चपळाई यांवर बरंच अवलंबून असतं, जसं आमच्या सहा मीटरच्या रेषेआत. त्या रेषेआत दुसरं कोणी पाय ठेवू शकत नाही. म्हणून त्या दोघी गोलातून वर गेल्या. मैदानात तसं रक्षण नसतं.

आमच्या संघातला एक मुलगा पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या भावासोबत पहाटे धावायला जातो. तो म्हणाला, “मॅडम, पोलीस भरतीतच वेगळं ठेवलं ना. पोरायले सोळाशे मीटर, पोरीयले आठशे. गोळा आपला सात किलो दोनशे साठ, त्यायचा चार.”

बरोबर होतं त्याचं. मी त्यांना न लपवता सांगितलं की वयात येताना मुलांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन वाढतं. त्यानं हाडं लांब आणि रुंद होतात, स्नायू भरतात, आणि फरक सर्वांत जास्त पडतो तो खांद्यात नि हातात. सातवीत सगळ्या मुलांना मागे टाकणारी पोरगी दहावीत मागे पडते, ती आळशी झाली म्हणून नव्हे. शंभर मीटरचा पुरुषांचा जागतिक विक्रम ९.५८ सेकंद आहे, स्त्रियांचा १०.४९. बर्फावरही तेच. २०१९ मध्ये त्या लीगच्या वेगाच्या स्पर्धेत एक जखमी पुरुष खेळाडू उतरू शकला नाही, त्याच्या जागी अमेरिकेची केंडल कॉइन उतरली. तिला मैदानाची फेरी मारायला १४.३४६ सेकंद लागले. पहिला आला त्या कॉनर मॅकडेव्हिडला १३.३७८. आठांत ती सातवी आली, म्हणजे त्या लीगच्या निवडक खेळाडूंपैकी एकाला तिनं मागे टाकलं होतं.

“एक सेकंद पन नाई,” ती हळूच म्हणाली.

एक सेकंदही नाही. पण तेवढ्यात चकती गेलेली असते. आणि वेग हा एकच भाग, धडक बाकी राहते.

मला वाटलं उत्तर पूर्ण झालं. तेवढ्यात ती म्हणाली, “मॅडम, दुसऱ्या हाफमंदी मले मैदानात खेयू द्या. गोलात दुसऱ्याले उभं करा.”

मी नाही म्हटलं. आत्ताच काय सांगितलं, अकरावीची मुलं आहेत, धडकेत हात मोडेल, असं सगळं म्हणाले. तिनं ऐकून घेतलं आणि आमच्या उजव्या कडेच्या मुलाकडे बोट दाखवलं. “तो छत्तीस किलोचा हाय. मी चवेचाळीस. त्याले तुमी कायी म्हनत नाई. वजनासाठी थांबवत असान त दोघायले थांबवा.”

वजनं मीच लिहून ठेवली होती. ऑगस्टमध्ये. तिनं माझ्याच वहीतलं सांगितलं होतं.

त्या क्षणी मला जे उमगलं ते असं. रात्री मी वाचलेले आकडे खरे होते, पण ते जगातल्या निवडक सहा-सातशे पुरुषांबद्दलचे होते. सरासरीत स्त्री-पुरुषांची बरीच सरमिसळ असते. अगदी टोकाला गेलं की ती सरमिसळ नाहीशी होते, कारण तिथं दोन्हींकडचे फक्त अतिटोकाचेच उरतात. आणि त्या टोकाचा नियम मी आमच्या मुरमाच्या मैदानावर, चौदा वर्षांच्या पोरीला लावत होते. छत्तीस किलोच्या पोराला माझ्या डोळ्यांनी ‘चपळ’ म्हटलं होतं आणि तिला ‘नाजूक’. अकरा वर्षं मी खेळ शिकवते आहे, म्हणून मला ते जास्त लागलं.

टोरँटोची अ‍ॅबी हॉफमन मी त्यांना तेव्हाच सांगितली. १९५५-५६चा हंगाम, आठ-नऊ वर्षांची मुलगी, केस बारीक कापलेले. तिचं नाव मुलांच्या संघात ‘अ‍ॅब’ असं लागलं आणि ती हंगामभर इतकी चांगली खेळली की निवडक संघात आली. तिथं जन्मदाखला मागितला तेव्हा मुलगी आहे हे कळलं. खेळताना कोणालाही कळलं नव्हतं. तीच पुढे चार ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर धावली. “भरतीचं आठशे?” भरतीवाल्याच्या भावानं विचारलं. हो, तेच आठशे.

दुसऱ्या सत्रात पंधरा मिनिटं ती डाव्या कडेनं खेळली. दोनदा चेंडू हातून गेला. एकदा तिनं कमरेखालून दिलेल्या पासवर आमचा गोल झाला. मग त्या उंच डावखुऱ्याला अडवायला गेली, तो सरळ अंगावर आला आणि ती मुरमावर घसरत गेली. कोपर सोललं. मैदान गप्प झालं. त्या मुलानंच हात धरून उठवलं, शिट्टी झाली, फ्री थ्रो मिळाला. पाहुणे सर माझ्याकडे पाहत होते. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं मान हलवली, आणि मी बदली केली नाही. हे बरोबर केलं का, हे मी नंतर पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं. त्याच जागी तो छत्तीस किलोचा पडला असता आणि असंच कोपर सोललं असतं, तर मी बदली केली नसती. एवढं मात्र मला ठाम माहीत आहे.

सोळा-एकोणीस, आम्ही हरलो.

तिचे वडील वावरातून सायकलवर आले होते आणि गेटजवळ उभे होते. त्यांनी पडताना पाहिलं होतं. मी कोपराला आयोडीन लावत असताना ते जवळ आले. मी मनात वाक्यं जुळवत होते. ते म्हणाले, “मॅडम, पोरीयची टीम काहून नाई जी?”

मी सांगितलं, सात लागतात, पाचच येतात, बाकीच्या वेचणीला जातात. हे सांगताना मला रात्री वाचलेलं आठवलं. त्या सगळ्या बाया पुरुषांच्या संघात का गेल्या? विकेनहायझर फिनलंडला गेली ती अवघड खेळ मिळावा म्हणून, घरी तेवढा अवघड खेळ मिळत नव्हता. बायकांसाठी पगार देणारी, आठवड्याला सामने खेळवणारी आजची मोठी लीग उत्तर अमेरिकेत सुरू झाली जानेवारी २०२४ मध्ये. तोवर बहुतेकींना वर चढायची शिडी एकच होती, आणि ती पुरुषांच्या अंगणात लावलेली होती. लडाखच्या मुलींनाही आधी संघ मिळाला, सामने मिळाले, मग २०२५ मध्ये भारताच्या संघातून आशिया चषकाचं कांस्य आलं. माझ्या या पोरीला मुलांशी बरोबरी सिद्ध करायची नव्हती. तिला फक्त सात जणी हव्या होत्या.

संध्याकाळी ती, मी आणि तिचे वडील गावात निघालो. पहिल्या घराला कुलूप होतं. दुसऱ्या घरी लग्न ठरल्याचं कळलं. मुलगी दहावीत आहे. त्याबद्दल मी वेगळं बोलणार आहे, तिथं गप्प बसणार नाही. तिसऱ्या घरी आई पायरीवर बसून तूर पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, “कापूस सरू द्या मॅडम, मंग पाठवतो.”

“किती दिवस?”

“आठ-पंधरा रोज.”

माझ्या मागून ती पुढे आली. कोपराला पट्टी होती. म्हणाली, “काकू, रविवारी मी येतो तुमच्या वावरात. अजून दोघी आनतो. तीन हात जास्ती लागले का लवकर सरन.”

बाईनं सूप खाली ठेवलं, तिच्या कोपराकडे पाहिलं, मग आतल्या पोरीला हाक मारली. मी वहीत सहावं नाव लिहिलं. पेन्सिलीनं.