राउटरवरून दिसणारा, माझ्या टेबलावरून न दिसणारा स्विच

मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज पडून आमच्या महाविद्यालयाचा जुना राउटर निकामी झाला आणि त्याच्या जागी फायरवॉलचेही, म्हणजे नको ती वाहतूक अडवण्याचेही, काम करणारे नवे उपकरण बसवले गेले. चारही इमारतींतील इंटरनेट त्याच संध्याकाळी पूर्ववत झाले, त्यामुळे काम संपले असे मी गृहीत धरले. दोन दिवसांनी एका विद्यार्थ्याचे पोर्ट (केबल जोडण्याची जागा) बंद करायचे होते म्हणून वसतिगृहाच्या स्विचवर, म्हणजे तिथले संगणक एकत्र जोडणाऱ्या उपकरणावर, एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन) करू लागलो, तर जोडणी होईना. अकरांपैकी नऊ स्विच नेहमीप्रमाणे उघडत होते. ग्रंथालयातील आणि वसतिगृहातील असे दोनच स्विच प्रतिसाद देत नव्हते, मात्र त्या दोन्ही इमारतींतील संगणक सुरळीत चालू होते.

यात विरोधाभास नाही. स्विच इतरांच्या फ्रेम (माहितीचे तुकडे) पुढे पाठवतो त्या मॅक पत्त्यांवरून, म्हणजे यंत्रांच्या हार्डवेअर पत्त्यांवरून, त्यासाठी त्याला स्वतःच्या आयपी पत्त्याची गरज नसते. तो पत्ता केवळ आपल्याला स्विचशी बोलता यावे म्हणून असतो. तो चुकीचा असला तरी वापरकर्त्यांची काहीच तक्रार येत नाही, आणि म्हणूनच असा दोष वर्षानुवर्षे झाकलेला राहू शकतो.

पहिला संशय साहजिकच नव्या उपकरणाच्या नियमांवर गेला. माझा संगणक व्हीलॅन २० (त्याच केबलांवरचे एक वेगळे आभासी जाळे) मध्ये, पत्ता १०.१०.२०.१५. सर्व स्विचचे पत्ते व्हीलॅन ९९ मध्ये, म्हणजे १०.१०.९९.० या जाळ्यात. दोहोंमधील वाहतुकीला परवानगी होती, आणि नऊ स्विच उघडत असताना नियमांना दोष देण्यातही अर्थ नव्हता, तरी मी त्यात जवळजवळ तासभर घालवला. अखेर नव्या उपकरणावर लॉगिन करून तिथून ग्रंथालयाच्या स्विचला पिंग केले, म्हणजे ‘आहेस का’ असा छोटा संदेश पाठवला, तर लगेच उत्तर आले. तिथूनच एसएसएच केले, तेही झाले. म्हणजे स्विच जिवंत होता, केबल ठीक होती, पासवर्डही बरोबर होता. एकाच जाळ्यातून बोलणाऱ्याला तो उत्तर देत होता, दुसऱ्या जाळ्यातून बोलणाऱ्याला देत नव्हता. म्हणून मी जाण्याची वाट सोडून परतीची वाट तपासायला घेतली.

स्विचचा एआरपी तक्ता, म्हणजे कोणत्या आयपी पत्त्याचा मॅक पत्ता कोणता याची यादी, उघडला तेव्हा त्यात माझ्याच संगणकाचा पत्ता दिसला आणि त्यापुढे मॅक पत्त्याऐवजी ‘अपूर्ण’ अशी नोंद होती. दुसऱ्या जाळ्यातील संगणकाचा मॅक पत्ता हा स्विच शोधतोच कशाला, त्याने उत्तर सरळ गेटवेकडे, म्हणजे जाळ्याबाहेर नेणाऱ्या राउटरकडे, द्यायला हवे होते. सेटिंग पाहिल्यावर कारण कळले. सबनेट मास्क (आपले जाळे कुठवर आहे हे सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.० हवा होता, तिथे २५५.२५५.०.० होता. एवढे मोठे जाळे सांगणाऱ्या मास्कमुळे १०.१०.२०.१५ हा पत्ताही स्विचला आपल्याच जाळ्यातला वाटत होता. डिफॉल्ट गेटवे बरोबर लिहिलेला होता, पण तो वापरण्याची वेळच येत नव्हती.

हे दोन्ही स्विच काही वर्षांपूर्वी मीच बसवले होते, त्यामुळे चूक कोणाची हे वेगळे शोधावे लागले नाही. मग ती इतकी वर्षे चालली कशी? जुन्या राउटरवर प्रॉक्सी एआरपी चालू होते. १९८७ सालच्या आरएफसी १०२७ या तांत्रिक दस्तऐवजामध्ये वर्णन केलेल्या या पद्धतीत राउटर दुसऱ्या जाळ्यातील यंत्राच्या वतीने स्वतःचा मॅक पत्ता देतो आणि आलेले पॅकेट पुढे पोचवतो. माझी चूक तो राउटर निमूटपणे सांभाळून घेत होता. नव्या उपकरणात ही सोय बंद होती आणि ती बंदच ठेवणे मला योग्य वाटले.

ग्रंथालयाच्या स्विचवर मास्क बदलण्यापूर्वी दहा मिनिटांनी आपोआप रीलोड (बंद होऊन पुन्हा सुरू) होण्याची आज्ञा देऊन ठेवली. बदल फसून जोडणी तुटली तरी स्विच जुन्या सेटिंगवर परत येतो. बदल नीट झाला, रीलोड रद्द केले, सेटिंग जतन केले.

वसतिगृहाचा स्विच मात्र नव्या उपकरणावरूनही उघडेना. तिथे संदेश वेगळाच होता: की-एक्स्चेंजची, म्हणजे दोघांत गुप्त चावी ठरवण्याची, समान पद्धत सापडत नाही. हा स्विच जुना, त्याला डिफी-हेलमन ग्रुप १ एवढेच येते, आणि ओपनएसएसएच या एसएसएच प्रोग्रामने ती कमकुवत पद्धत २०१५ मधील ७.० आवृत्तीपासून मुळातच बंद ठेवली आहे. शेवटी कन्सोल केबल (स्विचला थेट जोडायची) आणि लॅपटॉप घेऊन वसतिगृहात गेलो. चौकीदारकाका किल्ली घेऊन आले आणि म्हणाले, ‘‘सर, नेट तर चालू आहे की!’’ पडद्यावर आधी नुसती विचित्र चिन्हे उमटली, कारण बॉड रेट (त्या केबलवरचा वेग) ११५२०० राहिला होता. तो ९६०० केल्यावर अक्षरे दिसली, मास्क दुरुस्त केला आणि परतलो. माझ्या संगणकावर केवळ त्या एका स्विचपुरती जुन्या पद्धतीला आणि त्याची ओळख पटवणाऱ्या जुन्या एसएसएच-आरएसए चावीला मुभा दिली. ही कुबडीच आहे, स्विच बदलेपर्यंतची. पण जोडणी झाली.

त्या रात्री वीज गेली. सकाळी वसतिगृहाचा स्विच पुन्हा गायब होता. कन्सोलवर केलेला बदल मी जतनच केला नव्हता आणि वीज आल्यावर तो जुना मास्क घेऊन उठला होता. पुन्हा केबल पिशवीत घातली आणि दाराशी थांबलो. कार्यशाळेतला स्विच त्याच पिढीचा आणि व्हीलॅन ९९ मधलाच. त्याच्यावर लॉगिन करून तिथून वसतिगृहाच्या स्विचला एसएसएच केले. दोन्ही म्हाताऱ्यांना ती जुनी पद्धत येत असल्याने पहिल्याच प्रयत्नात जोडणी झाली. आदल्या दिवशीच हे सुचले असते तर काकांना किल्ली शोधावी लागली नसती. मास्क बदलला आणि या वेळी बाहेर पडण्याआधी जतन करण्याची आज्ञा दोनदा दिली.