गिऱ्हा, कप्पा आणि सेकंड शिफ्ट

चाकणच्या एका कारखान्यात मी जपानी दुभाषी आहे. दिवसभर तोंडात टॉलरन्स, बेअरिंग, रिजेक्शन. भुताखेतांच्या गोष्टींचं वेड जुनं, पण ते घरी. कामावर ते कामी आलं पावसाळ्यातल्या एका सेकंड शिफ्टला.

मशीनचा फिरता दांडा, स्पिंडल, जाम झाला होता. पार्ट घेऊन निघालेला टेम्पो पुणे-नाशिक रोडच्या ट्रॅफिकमध्ये. जपानहून आलेले इंजिनिअर आणि आमचे मेंटेनन्सवाले कूलंटच्या टाकीशी चहा घेत उभे. गुहागरकडचे फिटर काका टाकीत डोकावत म्हणाले, "मॅडम, साहेबांना विचारा, त्यांच्याकडे गिऱ्हा असतो का?"

मी सांगितलं: बुडून मेलेल्याचं भूत. रात्री हाक मारून माणसाला खोल पाण्यात नेतं. पण त्याच्या डोक्याचा केस हाती लागला, तर तो परत मिळेपर्यंत गुलामासारखं राबतं.

साहेबांनी कप खाली ठेवला आणि चेकशीटच्या पाठीवर चित्रच काढलं. पोराएवढं अंग, पाठीवर कासवाची ढाल, चोच, टाळूवर पाण्याने भरलेली वाटी. कप्पा! घोडे, पोरं नदीत ओढतो, काकडीवर जीव टाकतो. सगळी ताकद त्या वाटीतल्या पाण्यात. आपण वाकून नमस्कार केला की तोही वाकतो, पाणी सांडतं, खेळ खलास. आणि त्याचा हात तोडून ठेवला, तर तो परत मिळवायला हाडं बसवायचं औषध शिकवून जातो.

तिकडे हात, इकडे केस! पाण्याचा धाक मी समजू शकते. काठावरच्या आयांना पोरं लांब ठेवायचीच असतात. पण भुतालाही कामाला जुंपायची ही हाव दोन्हीकडे कशी?

"फुकटचा हेल्पर कुणाला नको?" काका म्हणाले.

मग मला राहवेना. जपानात लोककथांचे अभ्यासक यानागिता कुनिओंनी तोनो गावच्या अशा गोष्टी 1910 मध्ये छापल्या. आपल्याकडे कोकणातल्या शाळामास्तरांकडून त्या लिहवून घेतल्या जॅक्सनने; 1909 मध्ये नाशिकला अनंत कान्हेरेंनी ज्याला गोळी घातली, तोच कलेक्टर. ते टिपण 1915 मध्ये एन्थोवेन या इंग्रज अधिकाऱ्याने छापलं.

तोनोचं नाव निघताच साहेबांनी मोबाईलमध्ये फोटो दाखवला: तिथे विकत मिळणारा कप्पा पकडण्याचा परवाना. मुदत एक वर्ष. अटी छापील: जिवंत पकडावा, वाटीतलं पाणी सांडू नये, आमिष म्हणून ताजी भाजी वापरावी.

काकांनी अटी दोनदा वाचून घेतल्या. "आणि पकडल्यावर त्याचा ईएसआयचा कामगार विमा कोण भरणार?"

हे जपानीत सांगेपर्यंत टेम्पो गेटवर आला होता.