तुम्ही विचारलंत म्हणून : स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याला कोणत्या बाजूने वळसा घालावा?

भारतातून स्कॉटलंड पाहायला येणारे नातेवाईक आणि ब्रिटनमध्येच राहणारे मराठी स्नेही मला एक प्रश्न हमखास विचारतात : नॉर्थ कोस्ट ५०० ही वाट स्वतः गाडी चालवत करायची, तर इन्व्हरनेसहून आधी पश्चिमेला निघावे की पूर्वेला? २०१५ साली या नावाने प्रसिद्धीस आलेला हा सुमारे ८३० किलोमीटरचा वळसा इन्व्हरनेसच्या किल्ल्यापाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. बरेच प्रवासी तो प्रदक्षिणेच्या दिशेने, म्हणजे आधी पश्चिम किनारा, मग उत्तर आणि शेवटी पूर्व असा करतात, कारण छाती दडपून टाकणारे डोंगर पश्चिमेला आहेत आणि ते आधी पाहून घ्यावेत असे वाटणे साहजिक आहे. माझे उत्तर नेमके उलटे आहे. आधी पूर्वेला जावे. पश्चिमेचा तो निर्मनुष्य मुलूख डोळे भरून पाहण्यापूर्वी इथे माणसे का नाहीत, हे ठाऊक असले पाहिजे आणि ते पूर्वेच्या व उत्तरेच्या रस्त्यावरच नीट उमगते.

इन्व्हरनेसहून उत्तरेकडे जाताना गोल्स्पी गावाच्या माथ्यावर, बेन व्रागी या डोंगरावर, एक प्रचंड पुतळा लांबूनच दिसू लागतो. तो सदरलंडच्या पहिल्या ड्यूकचा असून १८३७ साली उभारलेला आहे. खाली समुद्रालगत त्याच घराण्याचा १८९ खोल्यांचा डनरॉबिन वाडा आहे. वाडा आणि त्याची बाग सुंदर आहेत, जरूर पाहावीत. मात्र पाहताना हेही ध्यानात असावे की या ड्यूकच्या आणि त्याची पत्नी एलिझाबेथ हिच्या जहागिरीत एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हजारो कुळांना आतल्या नदीखोऱ्यांतून उठवण्यात आले. गुरे पाळून, ओट आणि बार्ली पिकवून पिढ्यानपिढ्या तिथे नांदणाऱ्या या गेलिक भाषक माणसांच्या जमिनीवर चेव्हिएट जातीच्या मेंढ्या आणल्या, तर बड्या मेंढपाळांकडून कितीतरी अधिक खंड मिळत होता. उठवलेल्या कुटुंबांना किनाऱ्यावर जमिनीचे इतके लहान तुकडे दिले गेले की नुसत्या शेतीवर पोट भरणे अशक्य व्हावे आणि ज्यांनी कधी होडीत पाय ठेवला नव्हता त्यांनाही मासेमारीकडे वळावे लागावे. जहागिरीचे कारभारी याला सुधारणा म्हणत.

पुढे हेल्म्सडेलला परदेशी निघालेल्या कुटुंबाचे शिल्प आहे. तिथून आत गेलेल्या किल्डोनन खोऱ्यातले लोक १८१३ साली कॅनडातल्या रेड नदीच्या वसाहतीकडे निघाले, आणि आजच्या विनिपेग शहरात किल्डोनन हे नाव त्यांच्यामुळेच आहे. हेल्म्सडेल ओलांडून थोडे पुढे गेले की बॅडबेचा फलक लागतो. गाडी ठेवून पायवाटेने कड्यापर्यंत चालत जावे. आसपासच्या खोऱ्यांतून हुसकावलेली कुटुंबे १७९०च्या दशकापासून इथे, समुद्रावर झुकलेल्या उतारावर येऊन राहिली. वारा असा की मुले आणि गुरे कड्यावरून खाली जाऊ नयेत म्हणून त्यांना दोरीने बांधून ठेवावे लागे. शेवटचा रहिवासी १९११ साली गेला. आता घरांची जोती, कुंपणांचे दगड आणि स्मारकस्तंभ तेवढे उरले आहेत. या साऱ्या वाटेवर एकच ठिकाण पाहायचे असेल तर ते हे, असे मी निःशंकपणे सांगेन.

विक हे हेरिंग माशाचे बंदर. टॉमस टेलफर्ड या अभियंत्याने त्याच्या दक्षिणेला पल्टनीटाऊन ही नवी वस्ती आखली, आणि ऐन भरात हंगामाला हजाराहून अधिक होड्या इथून निघत. जवळच व्हेलिगो येथे कड्यात बांधलेल्या तीनशेहून अधिक पायऱ्या आहेत. स्त्रिया माशांच्या टोपल्या घेऊन त्या चढत आणि पुढे विकपर्यंत चालत. जॉन ओ ग्रोट्सला फार वेळ देऊ नये, ब्रिटनच्या मुख्य भूमीचे उत्तर टोक तिथे नसून डनेट हेडला आहे. डूनरे अणुकेंद्राचा पांढरा घुमट रस्त्यावरूनच दिसतो.

मग बेटीहिल येते, आणि इथे मात्र एक मुक्काम राखून ठेवावा. जहागिरीच्या मालकिणीच्याच नावाने (बेटी हे एलिझाबेथचे लघुरूप) वसलेल्या या गावात, जुन्या चर्चच्या इमारतीत स्ट्रॅथनेव्हर संग्रहालय आहे. ज्या व्यासपीठावरून लोकांना घरे सोडण्याच्या नोटिसा वाचून दाखवल्या गेल्या, ते व्यासपीठ तिथे आजही आहे. नंतर नेहमीची वाट सोडून नेव्हर नदीच्या काठाने दक्षिणेकडे सुमारे २० किलोमीटर आत जावे. साइरजवळ रोझल हे उठवलेले गाव आहे, आणि गवताखाली घरांची जोती व धान्य वाळवण्याच्या भट्टीचे अवशेष स्पष्ट ओळखू येतात. १८१४ साली पॅट्रिक सेलर या कारभाऱ्याच्या देखरेखीखाली या खोऱ्यातली घरे पाडली आणि जाळली गेली. परत येऊन कोणी छप्पर घालू नये म्हणून छपराची लाकडेच जाळण्याची पद्धत होती. मार्गारेट मकाय या वृद्ध स्त्रीला जळत्या घरातून बाहेर काढावे लागले आणि काही दिवसांत ती दगावली. १८१६ साली इन्व्हरनेसच्या न्यायालयात सेलरवर खटला चालला, आणि ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. रिकाम्या झालेल्या जमिनीचा मोठा भाग मेंढ्यांसाठी खंडाने घेणारा माणूसही तोच होता. १८१९ साली पुन्हा जाळपोळ झाली, तेव्हा डॉनल्ड मॅक्लाउड या गवंड्याने रात्री उंचवट्यावर चढून अडीचशे जळती घरे मोजल्याचे पुढे लिहून ठेवले.

याच काळात हायलँडची, म्हणजे स्कॉटलंडच्या या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखाची, तरुण मुले ब्रिटिश पलटणींतही भरती होत होती. शेजारच्या रॉस परगण्यात उभारलेली ७८ वी हायलँड पलटण २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या रणावर शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेसमोर उभी होती. मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते.

एवढे पाहून पश्चिमेला वळले की तोच देखावा वेगळा वाचता येतो. ॲसिंट या भागातला नाईस (gneiss) नावाचा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे, त्यावर सुमारे १०० कोटी वर्षांच्या वालुकाश्माचे सुळके उभे आहेत. नॉकन क्रॅगला जुना खडक नव्याच्या डोक्यावर सरकलेला प्रत्यक्ष दिसतो, आणि बेन पीच व जॉन हॉर्न यांनी या प्रदेशाचा सविस्तर अहवाल १९०७ साली मांडल्यापासून जगभरचे भूवैज्ञानिक इथे येत आले आहेत. हे रान मात्र खडकाइतके जुने नाही. ज्या हिरव्या पट्ट्यांना आपण कुरण समजतो, त्यांतले कितीतरी कोणाच्या तरी शेताचे वाफे होते. कुळांना सहजासहजी जमिनीवरून हलवता येणार नाही, असा कायदा १८८६ साली झाला, आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १९९३ मध्ये, उत्तर लॉकिन्व्हरची जहागीर तिथे राहणाऱ्या कुळांनीच वर्गणी जमवून विकत घेतली. त्या भागातून जाताना मला मनापासून आनंद होतो.

आता व्यवहाराचे. आठवडा तरी हाताशी हवा. मे किंवा सप्टेंबर उत्तम, कारण जून ते ऑगस्टमध्ये चिलटे छळतात आणि रस्तेही गजबजतात. वायव्येतले बरेच रस्ते एका गाडीपुरतेच रुंद असून ठरावीक अंतरावर बाजू देण्यासाठी जागा केलेल्या असतात. ती जागा आपल्या डावीकडे असेल तर तीत शिरावे, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबावे, आणि छायाचित्रे काढण्यासाठी तिथे गाडी कधीही उभी करू नये, कारण मागून रुग्णवाहिकाही येत असते. माझ्या दिशेने गेल्यास ६२६ मीटर उंचीचा बेलाख ना बा घाट शेवटी येतो आणि त्याची अवघड वळणे उतारावर लागतात, म्हणून गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवावी. मोठी कॅम्पर व्हॅन असेल तर घाट टाळून शील्डेगहून सरळ लॉखकॅरनला यावे.

तीनच दिवस असतील, तर पूर्ण वळशाचा हट्ट धरू नये. हेल्म्सडेलपर्यंत जावे, बॅडबे पाहून परत यावे आणि किल्डोनन खोऱ्यातून, २०२४ साली जागतिक वारसा ठरलेल्या फ्लो कंट्रीच्या दलदलीमधून उत्तर किनारा गाठावा. बेटीहिलला राहावे आणि स्ट्रॅथनेव्हर व लेर्गमार्गे इन्व्हरनेसला परतावे.