आतड्याने ओळखलेले पान

त्या दिवशी माझ्या विद्यार्थिनीने अडुळशाच्या पानांच्या चूर्णाचा अर्क काढला होता आणि गिनीपिगच्या लहान आतड्याचा एक छोटा तुकडा ऑर्गन बाथमध्ये, म्हणजे अवयवाचा तुकडा जिवंत ठेवून त्याचे आखडणे आलेखावर नोंदवणाऱ्या पात्रात, टांगला होता. ३७ अंश सेल्सिअसच्या टायरोड या क्षारद्रावणात, प्राणवायूचे बुडबुडे सोडत ठेवलेला असा तुकडा कित्येक तास जिवंत राहतो, आणि ॲसिटिलकोलीन (चेतातंतूंचा संदेश स्नायूंपर्यंत नेणारे रसायन) घालताच आखडून आलेखाची रेघ वर उसळवतो. अडुळशातील व्हॅसिसीन हे द्रव्य श्वासनलिकांचे स्नायू सैल करते. त्यामुळे इथेही थोडाफार सैलपणा दिसेल, एवढीच आमची अपेक्षा होती.

प्रत्यक्षात अगदी थोडा अर्क घातल्यावर ॲसिटिलकोलीनने रेघ हललीच नाही. "स्नायूच निकामी झाला असावा," असे ती हिरमुसून म्हणाली. मी तिला बेरियम क्लोराइड घालायला सांगितले, कारण ते ॲसिटिलकोलीनच्या ग्राहींवर, म्हणजे ते पेशीवर जिथे जोडले जाते त्या जागांवर, अवलंबून न राहता थेट स्नायूपेशींना आखडवते. रेघ पूर्वीइतकीच उंच गेली. स्नायू धडधाकट होता. अडवले गेले होते ते फक्त ग्राही. पुढे ॲसिटिलकोलीनची मात्रा कितीतरी पटींनी वाढवली, तेव्हा तोही अडसर मोडला. हे वागणे थेट ॲट्रोपीनचे, म्हणजे याच ग्राहींवरची जागा अडवणाऱ्या द्रव्याचे होते, आणि तसली अल्कलॉइडे (वनस्पतींतील प्रभावी द्रव्ये) अडुळशात नव्हे, धोत्र्याच्या पानांत असतात.

आम्ही लगेच उरलेले चूर्ण सूक्ष्मदर्शकाखाली घेतले. अडुळशाच्या पर्णरंध्राला (पानावरच्या सूक्ष्म छिद्राला) दोन सहपेशी (रंध्राभोवतीच्या पेशी) आडव्या बिलगलेल्या असतात, आणि तशी रंध्रे त्यात होतीच. पण त्यांच्या शेजारी धोत्र्यात असतात तशी तीन सहपेशींची, त्यांतली एक लहान असलेली रंध्रेही होती, आणि कॅल्शियम ऑक्झलेटचे चांदणीसारखे स्फटिकगुच्छही. नायट्रिक आम्ल घालून वाळवलेल्या अर्कावर ॲसिटोन आणि अल्कोहोलमधील पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकताच जांभळा रंग चढला, ही तसल्या अल्कलॉइडांची खूण. भेसळ धोत्र्याचीच, याविषयी मग शंका उरली नाही.

मला खरी धास्ती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. हेच चूर्ण खोकल्याच्या काढ्यात पडले असते, तर तोंडाला कोरड, विस्फारलेल्या बाहुल्या, धडधडणारी छाती आणि भ्रम, हे सारे एखाद्या लहान मुलाच्या वाट्याला आले असते. पुरवठादाराला त्याच क्षणी कळवून तो सगळा साठा थांबवायला सांगितला आणि आमच्याकडची पिशवी मोहोरबंद केली.

माझी विद्यार्थिनी मात्र आतड्याच्या तुकड्यातला अर्क धुऊन काढण्यासाठी संध्याकाळपर्यंत बाथमधले द्रावण पुन्हा पुन्हा बदलत बसली होती. अखेर ॲसिटिलकोलीनच्या नेहमीच्या मात्रेला रेघ निम्म्या उंचीपर्यंत चढली, तेव्हा तिने मला हाक मारली.